दारातून दिसणारी अर्धी मालिका

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नांदेडला लेकाच्या घरी टीव्ही लागला की मी आधी तुमची जागा शोधते. काल नातीनं कुठूनशी शोधून आपली ती जुनी हिंदी मालिका लावली. तीच, आठवड्यातून एकदा लागायची, ज्यातली सून सासऱ्याची थट्टा करायची आणि सासरा पोट धरून हसायचा. सुरुवातीचं गाणं वाजलं आणि मी नांदेडात नव्हतेच. चाकूरला, आपल्या दोघी सासू-सुनांच्या स्वयंपाकघराच्या दारात होते.

टीव्ही लाकडी पेटीत असायचा. पेटीचं एक दार आपल्या बाजूला उघडायचं, म्हणून आपल्याला अर्धाच पडदा दिसायचा. मामंजी बाजेवर, हे त्यांच्या पायाशी, शेजारची दोन-चार माणसं सतरंजीवर. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून मी दारात, आणि तुमची जागा तर पहिल्यापासून तिथंच. पडद्याच्या त्या बाजूनं कोण बोललं ते आवाजावरून ओळखायचं. मालिकेतला म्हातारा आपल्या बाजूला आला, की तुम्ही झटकन डोक्यावर पदर ओढायचा. ह्यांना हसू आवरायचं नाही. वडिलांसमोर मोठ्यानं हसायची सोय नव्हती, मग ते तोंडावर हात धरायचे आणि नुसते खांदे हलायचे. एकदा म्हणाले, "माय, त्याला तू दिसत न्हाईस." तुम्ही म्हणालात, "त्याला मी दिसत न्हाई रे, पर मला त्यो दिसतोय की!"

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. मालिकेतल्या म्हाताऱ्याला साखरेचा आजार, आणि त्यानं पेढे लपवलेले. सून हुडकायला निघते, तक्क्यापाशी येते, आणि लाईट जाते. सगळं घर हळहळलं. अंधारातून मामंजी म्हणाले, "आरं, सापडले का न्हाई पेढे?" आणि माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. मी मालिकेतल्या सुनेचा आवाज काढला. "बाबूजी, ही मुंग्यांची वरात तक्क्याखाली कुणाच्या लग्नाला चाललीय?" मग म्हाताऱ्याचा, घोगरा. "मुंग्यांनाच विचार बाई, मी तर भजनाला बसलोय!" मामंजी हसले. खोकला येईपर्यंत हसले. ते हसतात हे मला त्या दिवशी कळलं. मला मग धीर आला, मी आणखी काय काय बोलत गेले, आणि लाईट आली.

मी दारात नव्हते. बोलता बोलता उंबरा ओलांडून बैठकीच्या मध्यावर आले होते, डोक्यावरचा पदर खांद्यावर. सगळे माझ्याकडं बघतात. ह्यांनी मान खाली घातलेली. सासऱ्याला उलट बोलली म्हणून शेजारच्या सुनेला नुकतंच माहेरी नेऊन घातलं होतं, आणि मी तर, मालिकेतल्या का होईना, सासऱ्याची नक्कल केली होती, परक्या माणसांसमोर. मामंजींनी तुमच्याकडं पाहिलं. सुनेचा निवाडा तुमच्याकडं असायचा. तुम्ही उठलात, बाजेपाशी गेलात.

"सरका उलसं," तुम्ही मामंजींना म्हणालात. ते जरासे सरकले, आत्याबाई! त्यांच्या पायाशी सतरंजी ओढून तुम्ही मला म्हणालात, "बस हितं. दारातून अर्धंच दिसतंय, म्हणून बाकीचं पदरचं घालून सांगती ही." आधी हे हसले, तोंडावर हात धरून. मग सगळेच. मामंजी म्हणाले, "आन् तू गं?" तुम्ही केव्हाच दाराकडं वळला होता. "मला हितून चुलीवरचं दिसतंय."

मी चौथीत शाळा सोडलेली. समोर बसायला मिळालं तेव्हा मालिकेच्या शेवटी सरकणारी नावं वाचायचा नाद लागला, मग पुड्यांचे कागद, मग ह्यांनी आणलेली पुस्तकं. हे गेल्यावर तर वाचनानंच मला धरून ठेवलं. मोठमोठ्या सभांमधून बोललेल्या बायकांबद्दल खूप वाचलं. पण ज्याच्यासमोर उभा जन्म पदर खाली आला नाही, त्या माणसाला "सरका उलसं" म्हणणारी बाई मला अजून एकाही पुस्तकात भेटली नाही. ते बळ तुम्ही कुठून आणलंत, मला आजही उमगत नाही. त्या घरात मी पुढं मोठ्यानं हसले, भांडले, ह्यांच्याशेजारी बसून जेवले. तुम्ही मात्र दारातच राहिलात. मी कितीदा हाक मारली, तुमचं उत्तर एकच, चुलीवरचं बघायचंय.

काल मी खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. इथं फ्रीज आडवा येतो, अर्धाच टीव्ही दिसतो. सून म्हणाली, "आई, सोफ्यावर या ना, तिथनं काय दिसणार?" मी म्हटलं, "दूध ठेवलंय." तेवढ्यात म्हातारा पेढे लपवायला लागला आणि नात हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. तिनं आजोबाला पाहिलेलं नाही. हे ती जन्मायच्या आधीच गेले. तिला हसताना कुणी अडवलेलंही नाही. तरी तो हात तसाच वर गेला. सोफ्यावर तिच्याशेजारी बसले असते तर मला हे दिसलं नसतं. दारातून टीव्ही अर्धा दिसतो, पण त्याच्या उजेडातली तोंडं सगळी दिसतात. तुम्ही वर्षानुवर्षं काय बघत होता, ते मला एवढ्या उशिरा समजलं. पेढे शेवटी सापडले का, ते कालही कळलं नाही. मी पडद्याकडं बघतच नव्हते.

हा कागद मी उशाखालच्या पुस्तकात ठेवून देईन, तुमचा पत्ता काही माझ्याकडं नाही. एक तेवढं सांगते. काल गॅसवर दूध नव्हतं, आत्याबाई. तुमच्या चुलीवर तरी कधी काही असायचं का?