दुर्बिणीखालची माशी

पिंपळढोली, जि. भंडारा
१३ ऑक्टोबर २०२४

चि. एकता हीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हा तिघांची खुशाली कळव.

पत्रास कारण असं, की माझ्या रायफलची माशी वाकली आहे. तू भिंगं तपासायची नोकरी करतेस म्हणून तुला विचारतो. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लोखंडी दाणा. लहानपणी तू त्याला बोट लावायचीस आणि मी ओरडायचो. मागची खाच, पुढची माशी आणि जनावर एका ओळीत आलं की चाप ओढायचा, एवढीच माझी विद्या. पलटणीत बावीस वर्षं आणि निवृत्तीनंतर गावासाठी सव्वीस वर्षं तिच्यावरच काढली. आता तो दाणा उजवीकडे झुकलेला दिसतो. नागपूरच्या बंदूकवाल्याने दोनदा तपासला आणि सरळ आहे म्हणाला. त्याला काय कळतं.

मागच्या महिन्यात वनखात्याची लेखी परवानगी आली, तेव्हा धानात शिरणाऱ्या डुकरांवर गेलो होतो. पन्नास पावलांवर मादी होती. गोळी मागच्या पायाला लागली आणि ती पळाली. दोन दिवस रक्ताच्या मागावर नाल्यापर्यंत गेलो, पुढे माग सुटला. आजवर जखमी जनावर मी मागे टाकलं नव्हतं. पंचशीलातलं पहिलं शील, जीव न घेण्याचं, मी मोडतो, हे मला कोणी सांगायला नको. पण एका गोळीत, तडफड होऊ न देता, एवढं तरी माझ्या हातात होतं. पौर्णिमेला विहारात ‘पाणातिपाता’ म्हणताना जीभ अडखळली. फार वाईट वाटतं बाई.

शेजारच्या गावचा विक्रांत, त्याच्याकडेही परवान्याची रायफल आहे, तो म्हणतो दुर्बीण लावा. तो दोनशे पावलांवरून मारतो आणि जखमी झालेलं शोधायला जायचा त्याला कंटाळा. मला नाही पटत. दुर्बिणीत ताटलीएवढं जग दिसतं, बाजूला कोण उभं आहे त्याचा पत्ता नसतो. माशीवर नेम धरला की सगळं शेत डोळ्यात राहतं.

बाकी गावात सगळंच वाकडं चाललंय. मनोहर मिस्त्रीने नव्या न्हाणीघराची चौकट वाकडी बसवली. विहारासमोरचा झेंड्याचा खांबही मधोमध वाकलाय, पण कोणी मानायला तयार नाही. तुझी आई म्हणते, तुम्हीच वाकडे.

माझे कान पलटणीतच गेले, म्हणून फोनवर बोलणं होत नाही. तुझी आई या कागदाचा फोटो काढून तुला धाडेल. काढताना अक्षर न् अक्षर वाचते, तेव्हा तिच्याविषयी काही लिहीत नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझा बाबा,
शिवदास


बुओना व्हिस्टा, सिंगापूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र काल समुद्रकाठी ईस्ट कोस्टला वाचलं. सायकली बाजूला लावून हॉकर सेंटरमध्ये खायला बसलो होतो, तिथेच तुमच्या जावयांना वाचून दाखवलं. नरेश हसले. श्रिया म्हणाली, आजोबा सो स्टबर्न लाह. मी नातीला तुमच्या वतीने दटावलं, पण मनात म्हटलं, पोरगी खोटं बोलत नाही.

बाबा, लोखंड असं आपोआप वाकत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं. तुमची खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या पुढे, जनावर पन्नास पावलांवर. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं तरुण डोळ्यालाही जमत नाही, मग बहात्तराव्या वर्षी कसं जमेल? दुर्बिणीत तारांची फुली आणि जनावर एकाच ठिकाणी दिसतात, म्हणजे डोळ्याला एकच काम उरतं. मी दिवसभर लॅबमध्ये हेच करते, भिंगातली रेघ सरळ येते का ते बघते. आयुष्यभर मी तुमचं ऐकलं, या एका बाबतीत तुम्ही माझं ऐका.

इथून मी ती पाठवू शकणार नाही. असल्या वस्तूंचे इथले नियम फार कडक आहेत आणि माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर मला संक्रांत नको. विक्रांतकाकांकडची जुनी असेल तर घ्या. त्या मादीचं वाचून मलाही वाईट वाटलं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून तरी लावा.

आईला म्हणावं, फोटोत तिचा अंगठा येतो.

कळावे. लोभ वाढावा आणि हट्ट थोडा कमी व्हावा.
तुमची,
एकता


पिंपळढोली
२४ नोव्हेंबर २०२४

चि. एकता हीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

ऐकलं तुझं. विक्रांतची जुनी दुर्बीण घेऊन नागपूरला गेलो आणि रायफलवर चढवून घेतली. अट एकच घातली. उंच कड्यांवर बसव म्हटलं, म्हणजे खालून माशी दिसत राहील. बंदूकवाला म्हणाला, काका, दुर्बीण लावल्यावर माशी कशाला हवी? मी म्हटलं, नवी सून आली म्हणून सासूला कोणी घराबाहेर काढत नाही.

पण बाई, तुझ्या भिंगांचीही तीच गत. उभी तार मध्येच वाकते. आणि दोन तारा जिथे मिळतात तिथे मळकट डाग आहे. तुझ्या आईच्या जुन्या मऊ लुगड्याने तीनदा पुसला, जात नाही. विक्रांतने डोळा लावून बघितलं आणि काच लख्ख आहे, तार सरळ आहे म्हणाला. तोही बंदूकवाल्याच्याच पंगतीतला. तुझ्या पत्राचा फोटो कागदावर काढून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याचीही शाई संपली असावी, ओळीतली मधली अक्षरं गळून गेली होती. तुझ्या आईने कानाशी ओरडून वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

डुकरं आता तुरीत उतरली आहेत. सरपंच दोनदा येऊन गेला. परवानगीचे दिवस संपत आले, म्हणून उद्या सकाळी जातो. डाग असला तरी त्याच्या कडेने नेम धरता येईल. आता माघार घेतली तर गाव म्हणेल, हवालदार म्हातारा झाला.

श्रियाला सांग, आजोबांनी हट्ट सोडला.

जीव लावतेस तसा लावत राहा.
शिवदास


बुओना व्हिस्टा
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र आधी तू वाच. बाबा शेतातून आले असतील तर रायफलच्या पेटीची किल्ली काढून घे, मग त्यांना वाचून दाखव. मी तुला दुपारपासून फोन करते आहे, लागत नाही. जिवाला घोर लागलाय.

बाबा, तुमच्या कालच्या पत्राचा फोटो मी ऑफिसात वाचला आणि तशीच उठून इथल्याच नोव्हेना भागात स्मिताकडे गेले. ती डोळ्यांची डॉक्टर आहे, आपल्या नागपूरचीच. तिला तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तिने मला पुरं वाचूही दिलं नाही.

माशी वाकलेली नाही. मनोहरकाकांची चौकट, झेंड्याचा खांब, दुर्बिणीतली तार, काहीच वाकलेलं नाही. डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो, त्याच्या मधोमध बिघाड झाला की सरळ वस्तू वाकडी दिसते आणि मध्ये डाग येतो. डावा डोळा झाकून न्हाणीघरातल्या फरश्यांच्या रेघा बघा, मग उजवा झाकून बघा. तुम्हालाच कळेल. स्मिता म्हणाली, इंजेक्शनं आहेत, पण दिवस मोजके असतात. मी शुक्रवारच्या विमानाने येते आहे. नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

बाबा, तुम्ही ऑक्टोबरातच सगळं लिहिलं होतं. मी रोज रेघा तपासणारी बाई, आणि मला भिंगाचं शास्त्र सांगायची हौस. सहा आठवडे माझ्यामुळे गेले. मला माफ करा असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

तोवर चापाला बोट लावू नका. माझी शपथ आहे.

तुमच्या मायेवरच आहे,
एकता


पिंपळढोली
१२ डिसेंबर २०२४

चि. एकता हीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. तू सुखरूप पोचल्याचं कळलं.

हे पत्र मी टपालाने पाठवतो आहे. स्वतः तालुक्याला जाऊन पेटीत टाकणार. फोटो काढायला दिलं असतं तर तुझ्या आईने वाचलं असतं. तू आठ दिवस इथे होतीस तेव्हा बोलायला हवं होतं. मला हळू बोलता येत नाही आणि घर लहान.

डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं, उजवा डोळा मधून गेला, तो परत यायचा नाही. डाव्यात नुकतीच सुरुवात आहे, तो सांभाळता येईल. पहिलं इंजेक्शन तू असतानाच झालं, दुसरं महिनाअखेरीस आहे. पलटणीत आणि शेतात सारखा मी डावा डोळा मिटत आलो, आता त्याच्याच भरवशावर राहायचं आहे. मनोहरची माफी मागितली. रायफल ठाण्यात जमा केली, दुर्बीण विक्रांतला परत दिली. सरपंचाला सांगितलं, हवालदार म्हातारा झाला.

आता खरं लिहितो. पंचवीस तारखेला सकाळी, तुझं पत्र यायच्या आधी, मी तुरीच्या बांधावर बसलो होतो. धुकं होतं. दुर्बिणीला डोळा लावला तर फुलीवर काळं काहीतरी उभं. हलत नव्हतं. मी म्हटलं, डुक्कर. चाप अर्धा ओढला होता. थांबलो ते काही शहाणपणाने नाही. त्याला पाय दिसेनात, म्हणून जुन्या सवयीने मान खाली केली आणि खालच्या माशीवरून बघितलं. मान हलली तशी कडेला हिरवी साडी दिसली.

तुझी आई होती. मी कानाचं मशीन घरी विसरलो होतो, ते आणि चहाचा थर्मास घेऊन आली होती. डुक्कर नव्हतंच. माझ्या डोळ्यातल्या डागावर मी नेम धरला होता, आणि त्या डागामागे ती उभी होती.

तू दुर्बीण सांगितलीस म्हणून रडत होतीस. तसं मनात आणू नकोस. डाग आहे हे मला माहीत होतं, तरी गेलो. गाव काय म्हणेल म्हणून गेलो. हा दोष माझा आहे आणि तो माझ्यापाशीच राहू दे. आता पाणातिपाता म्हणायला बसलो की ती साडी समोर येते. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून काही लपवलं नाही, एवढं लपवतो आहे. तिला कळलं तर ती माझ्याशेजारी निवांत झोपायची नाही. तू सांगू नकोस.

बापावर रागावलीस तरी चालेल, परकं करू नकोस.
शिवदास


पिंपळढोली
१२ डिसेंबर २०२४

चि. एकतास,
आईचे आशीर्वाद व जयभीम.

तुझे बाबा आज एकटेच तालुक्याला गेले. पोस्टात काम आहे म्हणाले, काय काम ते सांगितलं नाही. ते तुला काय लिहितात ते मला ठाऊक आहे. माझ्या या कागदाचा फोटो तुला त्यांच्या पत्राच्या आधी मिळेल, म्हणून घाईने लिहिते.

त्या सकाळी नळीचं तोंड माझ्याकडे होतं ते मी बघितलं. ओरडून उपयोग नव्हता, मशीन माझ्याच हातात होतं. पळाले असते तर तूर हलली असती, आणि हललं की गोळी सुटते हे त्यांनीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. म्हणून थर्मास छातीशी धरून उभी राहिले. तुझं नाव घेतलं मनात. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी मान खाली केली आणि नळी उतरवली.

मी बांधावर जाऊन कप भरला. त्यांच्या हाती दिला, तर चहा सगळा पायावर सांडला. मी म्हटलं, आज थंडी फार आहे. ते हो म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं थंडीवरच बोलतो आहोत.

मला भीती वाटली होती, खोटं कशाला बोलू? अजून वाटते. पण मी बघितलं हे त्यांना कळलं तर ते माझ्यासमोर मान वर करायचे नाहीत. आता कुठे डाव्या डोळ्याने पेपर वाचायला लागले आहेत, तेवढं राहू दे.

त्यांचं पत्र पोचलं की त्यांना टपालानेच उत्तर लिही. शाई गडद वापर. लिही की आईला काही कळलेलं नाही. मी पाकीट न फोडता त्यांच्या हातात देईन, त्यांचं ते वाचतील.

नातीला गोड पापा, जावयांना जयभीम. जीव असाच लावत जा.
तुझी आई,
लीलाबाई