न घातलेल्या खताची पावती

आई, जुन्नरच्या बैठकीतून परवा परत आले, तेव्हापासून काही सुचत नाही. चूल पेटवते आणि भांडं ठेवायचं विसरते. सून म्हणाली, "आत्या, तुमाला बरं नाय का?" बरं आहे. पण बैठकीत बोलले ते सगळं खरं असूनही मनाला लागून राहिलंय, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तू गेल्यावर आम्ही बायकांनी गट केला. हातसडीचा तांदूळ आणि नाचणीचं पीठ पाकिटात भरून लेण्याद्रीच्या पायथ्याला विकायला बसतो. गणपतीला आलेली माणसं घेतात. पाकिटावर आम्ही 'सेंद्रिय' असं छापून घेतलं होतं. मग जुन्नरच्या एका दुकानदारानं माल मागितला, आणि पाठोपाठ एक सरकारी साहेब आले. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतः बसून विकताय तोवर ठीक आहे. पण दुकानात ठेवायचं तर हा शब्द प्रमाणपत्राशिवाय चालत नाही." आम्ही सगळ्या पाकिटांवर काळ्या पेनानं तो शब्द खोडत बसलो. खोडलेलं पाकीट कोण घेणार? लोकांना वाटलं, आत काही तरी खोट आहे.

तेव्हा मला तुझा बाजार आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू पाटी उतरवून बसली आहेस, एक बाई तांदूळ हातात घेऊन विचारते, "जुना हाय का?" जुन्याला भाव जास्त, एवढं मला कळत होतं. मी पटकन म्हणते, "हो, जुना." तू तिच्या हातातला तांदूळ परत पाटीत घेतेस आणि म्हणतेस, "नवा हाय बाई. शिजवताना पाणी कमी घाला." ती निघून गेली. घरी येईपर्यंत तू माझ्यापुढं चालत राहिलीस. दारात पाय धुताना एवढंच म्हणालीस, "परत माझ्या मालाबद्दल तू बोलायचं न्हाई." मला ते मारापेक्षा जास्त लागलं होतं.

प्रमाणपत्रासाठी गटानं एकमेकांची शेतं तपासायची असा नियम आहे. गट नोंदवला; जमीन ज्यांच्या नावावर, ते गडीही त्यात आले. अर्ज इंग्रजीत, रकाने एवढाले. त्यात लिहिलेलं, की जमीन रासायनिकातून सेंद्रियात यायला काही वर्षं थांबावं लागतं. मी साहेबांना म्हटलं, "आमच्या वरच्या खाचरात कधी खताची गोणी गेलीच नाही. तिथं डोक्यावर गोणी नेणार कोण?" ते म्हणाले, "पटतंय मला. पण कागद आहे का काही?" मी म्हटलं, "खत घेतलं की दुकानदार पावती देतो. न घेतल्याची पावती कोण देतं?" ते हसले, मीही हसले, आणि वर्षं मोजायला लागलो.

तपासणीची वही माझ्याकडे आली, कारण शाळा मीच थोडीफार शिकलेली. प्रमाणपत्राचा शिक्का मिळायचा त्या वर्षी, भादव्यात, मी आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या बांधावर गेले. सगळा डोंगर हिरवागार, आणि त्याच्या बांधावरचं गवत पट्टाभर करपलेलं, तांबूस. तणनाशक. हिवाळ्यात तो पारगावला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो, तिकडून ती बाटली आलेली. पावसाळ्यात तो टोमॅटोच्या पिकअपवर, नारायणगावला. बायकोचे गुडघे गेलेले. मी विचारलं तर त्यानं लपवलं नाही.

"आक्का, गवतावर मारलंय, भातावर न्हाई."

"पाणी भातातच उतरतं ना."

"मग काय करू? गवत बेणायला माणूस आनू कुठनं? तुझ्या वहीत तेवढा रकाना हाय का?"

नव्हता. मी वहीत 'तणनाशक वापरले' असं लिहिलं आणि त्याच्यासमोर सही केली. त्याचं नाव गटातून गेलं, आणि त्याच्यामुळं सगळ्यांचीच फेरतपासणी लागली. त्या साली आमचा तांदूळ शिक्क्याशिवाय गेला. पाकिटं भरायला माझ्याकडे यायच्या त्या बायका दुसरीकडे जमू लागल्या. भावजय पाणवठ्यावर तोंड फिरवते. धाकटा अजून माझ्या दारात आलेला नाही.

परवाच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, नियम सोपे करायचेत, तुम्हीच सुचवा. मी उभी राहिले. अर्ज मराठीत द्या म्हटलं. डोंगरातल्या जमिनीला थांबायला लावू नका म्हटलं. बेणणीच्या मजुरीला मदत द्या, नाही तर माणूस बाटलीकडे जाणारच, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "ताईंसारखी माणसं गटात असतील, तर गटाचाच शब्द आपण पुरेसा धरायला हरकत नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले आणि पाण्याची बाटली उघडत राहिले, झाकण काही निघेना.

कारण आई, तपासणीच्या त्या दिवशी सकाळी, धाकट्याच्या आधी, मी तुझ्या बाजारातल्या जोडीदारणीच्या शेतावर गेले होते. म्हातारी एकटी आहे. तिच्याही बांधावर तसाच करपलेला पट्टा होता. तिनं मला चहा दिला. मी वहीत 'आक्षेप नाही' लिहिलं आणि निघाले. फेरतपासणीपर्यंत पावसानं तिथं नवं गवत आलं होतं.

नियम सोपे व्हावेत, हे मला मनापासून वाटतं. पण ते सोपे झाले की सगळं माझ्यासारखीच्या सहीवर येणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणखी एक आहे. वरचं खाचर तू माझ्या नावावर केलंस, त्यावरून धाकट्यानं वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता. मी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर वहीत लिहिताना मात्र मला बरं वाटलं.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस, तर हे लिहिलेलं मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि इथवर आल्यावर धाकट्याबद्दलच्या शेवटच्या दोन ओळी मी गाळल्या असत्या.