रियाच्या बेंबीतली बाळी

दार्सैत (आखात), मंगळवार संध्याकाळ

नातीनं गुपचूप बेंबी टोचून घेतली आणि दाखवली कुणाला, तर मला! आईला नाही, मला. मी केवढी हरखले. कान टोचल्यावर लावतो तसं हळद-खोबरेल लावलं. "आजी, ओन्ली मिठाचं पाणी बोलले ते टोचणारे." म्हटलं, गप गं, तुझ्या बापाचे कान मीच बरे केलेत.

आज पू आलाय, अंग तापलंय. "मम्मीला नको सांगू." मला विश्वासानं दाखवली होती ना तिनं, मला! तरी सूनबाई कामावरून आली तशी दारातच सगळं सांगितलं, तेलासकट. "यल्ला, चल, ऊठ," म्हणत ती रियाला दवाखान्यात घेऊन गेली. पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बरी होऊन येऊ दे. मग माझ्याशी नाही बोलली तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन.