कॅसेटमध्ये नसलेला क्वार्टरबॅक

६ मार्च २००५, रविवार. लीड्स

निघालो होतो बूट आणायला. फॅक्टरीत सेफ्टी शूज सक्तीचे झालेत. पार्कातून शॉर्टकट मारला आणि बूट राहिले.

वीसेक धटिंगण चिखलात एकमेकांना धडका देत होते. हेल्मेटं, खांद्यावर उशा बांधल्यासारखे पॅड. बघत उभा राहिलो, तेवढ्यात एक बॉल माझ्या डोक्यावरून चालला. उडी मारली, एका हातात घेतला. सांगलीला क्रिकेटमध्ये पॉइंटवर उभं राहून आयुष्यभर दुसरं केलंय काय! बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळाएवढा.

एक उंच माणूस पळत आला. 'कुठे खेळतोस?'

म्हटलं, 'सँडविच फॅक्टरीत असतो. काकडी लावतो.'

हसला. म्हणाला, गुरुवारी सहाला ये.

दादा (चुलतभाऊ, हाडांचा डॉक्टर, याच्याच घरात मी गेले आठ महिने पडून आहे) म्हणाला, 'मंद्या, आठ महिन्यांत पाच नोकऱ्या. आता हे सहावं का?' म्हटलं, हे फुकट आहे. म्हणाला, मग टिकेल.

बूट उद्या.

१० मार्च, गुरु.

खेळ अमेरिकन फुटबॉल. टीमचं नाव हेरॉन्स. म्हणजे बगळे. एक पोस्टमन, दोन बाउन्सर, एक शाळामास्तर, पाइप बसवणारे तिघे. उंच माणूस म्हणजे डेल. ३४ वर्षांचा, अमेरिकन. बायको जेन इथलीच, दा.च्या (दादाच्या) वॉर्डात सिस्टर आहे. तो स्वतः व्हॅनमधून कार्पेटं पोचवतो आणि आमचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातात येतो तो. बॉल आधी त्याच्याकडे, मग तो ठरवणार कुणाला फेकायचा. मी पकडणारा.

पोस्टमन केव कानाशी येऊन म्हणाला, 'हा तिकडे प्रो होता. पगारी. सात वर्षं.' खरंच?

२० मार्च, रवि.

खरंच. व्हॅनमध्ये विचारलं. सात वर्षं, चार शहरं. प्रत्येक ठिकाणी तिसरा क्वार्टरबॅक. पहिला खेळतो, दुसरा पहिल्याचं हाड मोडायची वाट बघतो, तिसरा बाजूला उभा राहून कागदावर टिपणं काढतो. सात वर्षांत मॅचमध्ये अकरा बॉल टाकले. मग खांद्याचं ऑपरेशन, मग कार्पेटं.

'वाईट नाही वाटत?'

'टिपणं चांगली काढायचो,' म्हणाला.

वाटेत एका घरी कार्पेट वर चढवलं. त्या आजोबांकडे कबुतरं. शर्यतीची! फ्रान्समध्ये नेऊन सोडतात आणि ती बरोबर लीड्सला परत येतात. तासभर तिथेच. मालकाचा डेलला फोन, शिव्या. मला कबुतरं पाळायची आहेत. दा.ला आत्ताच नको सांगायला.

३१ मार्च, गुरु.

डेलची शिकवण. बॉल शोधायचा नाही. सरळ सात पावलं, आत वळायचं, मनात चार म्हणायचं, मान फिरवायची. चारला बॉल तिथे असतो. तो टाकतो तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे असते. 'मी तुला टाकत नाही, त्या जागेला टाकतो. तू तिथे असणं हे तुझं काम.'

ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी! कुणाला सांगतोय हा? डिप्लोमाच्या परीक्षेला मी चुकीच्या कॉलेजात जाऊन बसलो होतो.

बारा वेळा चुकलो. कधी पाचला पोचलो, कधी तीनला. बॉल पाठीत, हेल्मेटात, एकदा एका लॅब्रॅडॉरला. तेराव्या वेळी मान फिरवली आणि बॉल आधीच हातात होता.

१० एप्रिल, रवि.

पहिली मॅच. कसं लिहू.

मी मोकळा सुटलो. चार म्हटलं, मान फिरवली, बॉल हातात. समोर दहा यार्ड, कुणी नाही. नुसतं चालत गेलो असतो तरी पॉइंट होते. आणि मी काय केलं, तर कॅच घेतला म्हणून दोन्ही हातांनी बॉल वर उडवला आणि ओरडत आपल्या लोकांकडे पळालो.

इथे कॅच घेतला म्हणजे काही संपत नाही. बॉल चालूच असतो. त्यांच्या एका जाड्याने तो उचलला आणि पूर्ण मैदान पळत गेला. बॉल घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, त्याच्या जन्मातला पहिला. शेवटी रडत होता बिचारा.

हरलो. डेल आला. 'ते काय होतं?'

'आमच्यात कॅच घेतला की असंच करतात.'

गंभीरपणे मान हलवली, मग चिखलात बसला आणि पोट धरून हसला. शिक्षा: आठवडाभर बॉल काखेत. झोप सोडून एक मिनिट खाली ठेवायचा नाही. टीममधला कुणीही हिसकावू शकतो. हिसकावला तर आणखी एक आठवडा.

१३ एप्रिल, बुध.

बॉल फॅक्टरीत चालला नाही, हायजीन. सुपरवायझरने त्याला जाळीची टोपी घालून लॉकरात ठेवू दिलं. बसमध्ये एका म्हातारीने विचारलं, 'अंडं कसलं आहे, लव्ह?' केवने टपाल वाटता वाटता आमच्या दारात दोनदा हल्ला केला. वाचलो.

रात्री जेवताना बॉल डाव्या काखेत. व. (वहिनी) म्हणाली, 'भावजी, त्यालाही वाढू का?' त्यांची सई दोन वर्षांची, तिने त्याला भात भरवला. बॉलला अजून वरणाचा वास येतोय.

१९ एप्रिल, मंगळ.

मोठी बातमी. डेलला जर्मनीहून फोन. जुना मित्र तिकडच्या प्रो टीममध्ये कोच आहे. त्यांच्या क्वार्टरबॅकचा हात मोडला, उरलेल्या सीझनसाठी माणूस हवाय. पगारी. आणि पहिला, तिसरा नाही! पण मोठ्या कोचला खांद्याची शंका आहे. एक अख्खी मॅच शूट करून पाठव, म्हणाले, पुढच्या शुक्रवारच्या आत हातात पाहिजे. म्हणजे आमची रविवारची, २४ची. दुसरी मॅचच नाही मध्ये.

डेलने आज कार्पेट चुकीच्या घरी पोचवलं.

जेनने त्याला दा.कडे आणलं. दा.ने खांदा वर, मागे, बाजूला फिरवून बघितला. म्हणाला, 'एक सीझन देईल. दोन नाही.' डेल म्हणाला, 'एकच मागतोय.' गेल्यावर दा. मला म्हणाला, 'मंद्या, या वयात असा फोन दुसऱ्यांदा येत नाही. रविवारी बॉलबिल उडवू नकोस.'

मी मे महिन्यात स्कॉटलंडला जाणार होतो, मासेमारीच्या बोटीवर. फॅक्टरीतला पोलिश मित्र नेणार होता. बघू. रविवार तर होऊ दे.

२४ एप्रिल, रवि. (संध्या.)

जिंकलो!! आधी ते लिहितो. डेलने असे बॉल टाकले की काय सांगू. एकदा दोघं त्याच्या पायाला लोंबकळत होते, तरी बॉल माझ्या चारला हजर. माझे सात कॅच. एकही उडवला नाही. टचडाउननंतरसुद्धा काखेत घट्ट, रेफ्रीला देईना, त्याने ओढून घेतला.

घोळ पुढे आहे. शूटिंग नेहमी केव करतो. आज आमची पोरं कमी पडली, त्याला पॅड चढवून उतरावं लागलं. दा. ड्यूटीवर. मग व. आपला कॅमेरा घेऊन उभी राहिली, सईच्या बारशाला घेतलेला. डेलने दोनदा सांगितलं, बॉल जिथे तिथे कॅमेरा, आणि फेकताना मी दिसलो पाहिजे. व. म्हणाली, 'नो प्रॉब्लेम, फंक्शनं खूप शूट केलीत.'

आत्ता सगळ्यांनी आमच्या हॉलमध्ये बसून बघितलं. डेल, जेन, दा., मी. सुरुवातीला तीन मिनिटं सईचा वाढदिवस. डेल हसला. मग मॅच. मी उभा. मी पळतोय. मी नाडी बांधतोय. मी पाणी पितोय. बाजूने व.चा आवाज: 'भावजी पळाले... अगंबाई, तो ढोल्या मागे लागला... पळा भावजी, पळा!'

अडीच तास नुसता मी. डेल कुठेच नाही. एकदा त्याची कोपर.

व.च्या लक्षात आलं तशी ती उभीच राहिली. आमच्याकडचं असंच आहे. लग्नाच्या कॅसेटमध्ये सुद्धा नवरानवरीपेक्षा आपली माणसं जास्त, मामा जेवताना, आत्या साडी सावरताना. कॅमेरा हातात आला की आपलं माणूस शोधायचं. मैदानावर तिचं माणूस एकच होतं.

'सॉरी डेल, आय ॲम सो सॉरी,' आणि रडायलाच लागली. डेल 'इट्स ओके' म्हणत मागच्या गार्डनमध्ये गेला. काचेतून दिसत होता. सईची तीनचाकी उगाच सरळ करून ठेवली.

सात कॅच. एकेक आला की मी खाली बघत होतो.

मग जेनने रिमोट घेतला. मागे नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागे. 'डेल! आत ये.' आम्हाला म्हणाली, 'मंदारकडे बघू नका. बॉलकडे बघा.'

बघितलं. मी पळतोय, पाठ वळलेली. मान फिरायच्या आधी बॉल चौकटीच्या कडेतून आत शिरतो. कुठून आला, कुणी टाकला, कळत नाही. मी मान फिरवतो, हातात असतो. प्रत्येक वेळी. दा. म्हणाला, 'आयला.'

डेल दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, 'पाठवू या. सईचा वाढदिवससुद्धा राहू दे.' व.ने डोळे पुसले आणि सगळ्यांना शिरा केला. डेलने तीन वाट्या खाल्ल्या. काजू वेचून सईला दिले.

२५ एप्रिल, सोम.

कॅसेट गेली. पोस्ट ऑफिसात डेलबरोबर होतो. चिठ्ठीत एकच ओळ लिहिली त्याने: 'जो दिसत नाही, तो मी.'

म्हटलं, एवढंच?

'सात वर्षांचा अनुभव आहे,' म्हणाला आणि डोळा मारला. पण पाकीट काउंटरवर सरकवताना हात पटकन सुटला नाही त्याचा. बाईला ओढावं लागलं.

२९ एप्रिल, शुक्र.

फोन आला!!! जेनने वॉर्डातून दा.ला, दा.ने व.ला, व.ने फॅक्टरीत मला. सुपरवायझरला वाटलं घरी कुणी गेलं. मी काकड्या टाकून नाचलो.

मोठ्या कोचने कॅसेट दोनदा बघितली. पहिलं वाक्य, 'छोटीला हॅपी बर्थडे सांगा.' दुसरं, 'ती कॉमेंटरी करणारी बाई कोण?' तिसरं, 'मंगळवारी सकाळी दहाला मैदानावर ये, आमच्यासमोर टाक. पसंत पडलास तर करार तिथेच. आणि तो पकडणारा पोरगा आण, तुझा बॉल त्याला कळतो.'

मी! जर्मनी! बॅग भरायला घेतली. दा.ने पासपोर्ट समोर ठेवला. 'व्हिसा? दोन आठवडे तरी लागतात.' इथला व्हिसा इथलाच. भारतीय पासपोर्ट. कबुतरांना बरं आहे, नुसतं सोडलं की झालं.

डेलला सांगायला गेलो तर तोच म्हणाला, 'मग टाकेन जागेला. तू नसलास तरी जागा असतेच ना.'

१ मे, रवि.

शेवटचा सराव, दोघंच. दहाच बॉल टाकले, खांदा राखून ठेवायचा होता. दहाही घेतले. त्याला पहिल्या दोनतीन बॉलना खांदा साथ देत नाही, मग गरम होतो. ते तिथल्यांना माहीत नाही. 'पहिले दोन वाईट पडले तर घाबरू नकोस,' मी सांगितलं. मी, त्याला!

'टिपणं चांगली काढतोस,' म्हणाला.

पोलिश मित्राला सांगितलं, बोटीचं राहू दे सध्या. का विचारलं त्याने. म्हटलं, मंगळवारी नऊला एका जागी असायचंय.

३ मे, मंगळ. पार्कातल्या बाकावर

डेल काल दुपारी गेला, बँक हॉलिडेच्या गर्दीत. व.ने डबा दिला, 'तिकडे काय मिळतं कोण जाणे.' शिरा, अर्थातच. जेन जर्मनीहून फोन आला की कळवणार आहे.

तिकडचे दहा म्हणजे आपले नऊ. फॅक्टरीत शिफ्ट बदलून घेतली. बूट अजून आणले नाहीत, तेही बोलला सुपरवायझर. नऊला पाच कमी असताना इथे पोचलो. मी, पाच मिनिटं आधी. कुणी बघायला हवं होतं. व. सईची गाडी ढकलत मागून आली, गळ्यात कॅमेरा.

नऊला सुरू केलं. सात पावलं, आत, चार, मान. हात वर. परत जागेवर. सात पावलं, आत, चार, मान.

लॅब्रॅडॉरवाली बाई थांबली. 'बॉल हरवला का, लव्ह?'

'नाही. जर्मनीत आहे.'

'ओह,' म्हणाली, 'लांब गेला की.'

पहिले दोन सुटले असं मुद्दाम मानलं, त्याचा खांदा गरम व्हायचा होता. तिसऱ्यापासून घेतले. एकूण वीस. साडेनऊ. फोन नाही. पावणेदहा. व.चा मोबाईल सईच्या हातात, ती त्याला बिस्किट भरवतेय. वाजला तर कळेलच.

व.ने विचारलं, 'भावजी, शूट करू का?'

म्हटलं, कर.

'काय करू?'

'डेलला.'

हसली नाही. माझ्याकडे पाठ केली आणि कॅमेरा तिकडे लावला, तीस यार्डांवर, डेल उभा राहतो तिथे. गवत नुसतं दबलंय. हात हलू नये म्हणून कोपर पोटाशी धरलेली. लाल दिवा चालू आहे. बघतोय, जागेवरून जराही हललेली नाही.

वही ठेवतो. अजून एक घेतो.