मास्क काढला म्हणून

१२ जून, बुधवार
सोनिया आली होती. दहावीला माझ्या इंग्रजीच्या क्लासला होती. आता मलकापुरात एका दवाखान्यात नर्स आहे – म्हणजे होती! चौकशी लागलीय, घरी बसवलंय.

तिच्या वॉर्डात आप्पासो नावाचे म्हातारे गेले. ऐंशीच्या पुढचे, कॅन्सर, तोंडाला ऑक्सिजन. तिनं लेखी खुलासा दिला, इंग्रजीत. झेरॉक्स दाखवली. एक ओळ मी दोनदा वाचली. ‘आय रिमूव्ह्ड द मास्क सो दॅट द पेशंट डाइड.’

पेशंट मरावा म्हणून मास्क काढला! असं लिहिलंय पोरीनं!

“पाणी पाजायला काढला व्हता, सर. शेजारच्या खाटंवरनं हाक आली, ऱ्हायला तसाच. म्हणून ते गेलं, असं लिवायचं व्हतं.” मग खाली बघत – “म्हणून म्हंजे सो दॅट. तुमीच शिकिवलं न्हवं?”

१३ जून
हो, मीच. बावीस वर्षं. ‘कारण’ दिसलं की बिकॉज, ‘म्हणून’ दिसलं की सो दॅट ठोका, मार्क खिशात! पोरं पास होत होती, आणि मी मिशीला पीळ देत होतो.

पाय घसरला म्हणून पडला. पडावा म्हणून ढकलला. म्हणून तोच, पण एकात नुसता परिणाम आणि दुसऱ्यात हेतू. सो दॅट फक्त दुसऱ्याला. हे मला कळत होतं! समजावून सांगायचा कंटाळा केला. गाढव मी.

१५ जून
ही म्हणते, “आवं, जावा की तिकडं. माजी चूक हाय म्हणून सांगा. पोरगी तुरुंगात गेल्यावर जाणार हाय का?”
हिचं काय जातंय! नव्या बॅचचे प्रवेश चालू आहेत. आमच्या वडुजात असली बातमी चहा उकळायच्या आत गावभर होते.

१६ जून
गेलो नाही.

१७ जून
सोनियाचा फोन. उद्या शेवटची बैठक, तिथं मिटलं नाही तर प्रकरण पोलिसांत. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

१८ जून, मंगळवार
गेलो. समितीचे तिघं, आणि आप्पासोंचा मुलगा कृष्णात – मिलटरीतला, रजेवर आलेला, ताठ. त्याच्याकडं बघवेना.

सगळं सांगितलं. क्लासच्या छापील नोट्स पुढं ठेवल्या, तिथंही तेच सो दॅट. शपथेवर लिहून दिलं – मुलीचा हेतू नव्हता, व्याकरण चुकलं, आणि ते माझ्यामुळं. एक डॉक्टर हसला. हसू दे!

कृष्णात लय वेळ कागद धरून होता. मग म्हणाला, “विंग्रजी आमचंबी कच्चंच हाय, सर. माजी तक्रार न्हाई.” सही केली. सोनियाला कामावर परत घेतलं.
एसटीत बसल्यावर हलकं वाटलं. किती वर्षांनी!

१९ जून
सोनिया आली. ही चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात हळूच म्हणाली, “म्हातारं तीन दिस हात जोडत व्हतं, सर. सोडीव बाय म्हणायचं. खुलाशात आदी खरं ते लिवलं, मग भ्याले. सो दॅट मला नर्सिंगला गेल्यावरच कळलं व्हतं. ती वळ बरोबर हाय.”