अंगणात डांबर

वाइमोसो, आपिया
ता. ४ ऑगस्ट

चि. फेलेतीस आजी सिलीपाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सारे खुशाल. मी बोलते आहे, पाळकीणबाई लिहिताहेत. अक्षर त्यांचं, शहाणपण माझं.

तुझा कंत्राटदार दोऱ्या-खुंट्या घेऊन आला होता. म्हणे फाटकापासून माझ्या पायरीपर्यंत सगळं डांबर. पुढच्या नव्या खोल्या भाड्याने द्यायच्या, म्हणून अंगणाला काळं फासायचं का रे? या घरात आलेल्या प्रत्येक सुनेने माहेरच्या किनाऱ्यावरून टोपलीभर गोटे आणून इथे ओतलेत. पांढरे माझे. काळे तुझ्या आईचे, सावाइई बेटावरचे. ओतताना ती रडत होती, तर तुझे आजोबा म्हणाले, कोळसे कशाला आणलेस पोरी? मग हसली. रोज सकाळी आम्ही दोघी त्यांतला पाला वेचायचो आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो. डांबरावर काय वेचायचं?

उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ऑकलंड
ता. १९ ऑगस्ट

ती. आजीस फेलेतीचा सा. न. वि. वि. पत्र वाचून हसलो.

आजी, खोल्या कर्ज काढून बांधल्यात. भाडेकरू मिळाला नाही तर जागा विकावी लागेल, घरासकट. बघायला येतो तो विचारतो, गाड्या कुठे लावायच्या? दातांची डॉक्टर तयार आहे, पण तिची आई लागीमाइना चाकाच्या खुर्चीत असते, आणि गोट्यांत चाकं रुततात. डांबर स्वस्त आणि लवकर होतं. आधी फाटकाकडची बाजू करतो, उरलेलं ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारच्या सणानंतर. आई गेली त्या दिवशी मी त्या काळ्या गोट्यांवरच बसून होतो, विसरलो नाही. पण घर वाचवायचंय.

रागाव, पण लोभ आटवू नकोस.

तुझा फेलेती

वाइमोसो
ता. २३ सप्टेंबर

चि. फेलेतीस आशीर्वाद. फाटकाकडचं डांबर झालं. आणि बिघडलंही. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी माझ्याकडून ऐक.

काल डॉक्टरीणबाई आईला घेऊन जेवायला आल्या. तुझा चुलतभाऊ लोमितुसी रविवारच्या उमूच्या भट्टीसाठी दगड मांडायला जागा शोधत होता. मी पायरीवरून एवढंच म्हटलं, की ती नवी जागा किती सपाट आहे, नाही? त्याने तिथेच जाळ केला! दगड लाल झाले आणि लागले की खाली बसायला. डांबर पाघळलं, तारोच्या कंदांना आगबोटीचा वास. मी ओरडले, अरे बैला, जेवण भाजतोस की जमीन?

लागीमाइना डोळे पुसत हसत होती. म्हणाली, सिलीपा, तू मुद्दाम केलंस. मी म्हटलं, म्हातारे, असं जेवण असलं तर तुझ्या लेकीच्या धंद्याला बरकतच. मग लेकीने स्पष्ट सांगितलं, की त्यांना सबंध अंगण नकोच आहे. रस्त्याकडे गाड्यांपुरती जागा हवी, आणि खुर्चीला एक गुळगुळीत वाट. बाकी गोटे राहू देत, पावसाचं पाणी तरी जिरेल. वाटेचा एक फाटा माझ्या पायरीपर्यंत हवा, असा म्हातारीचा हट्ट. तिला गप्पांना यायचंय. आता तू काय ते ठरव.

तुझी निरपराध आजी

ऑकलंड
ता. २ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. डॉक्टरांनी करारावर सही केली. घर आपलंच राहिलं. वाट काँक्रीटची होईल, फाट्यासकट. बाकीच्या गोट्यांना कुणी हात लावणार नाही. तू निरपराध आहेस हे मी कंत्राटदाराला सांगितलं. त्याला पटलं नाही.

तुझाच फेलेती

वाइमोसो
ता. २८ ऑक्टोबर

चि. फेलेतीस आशीर्वाद. वाट झाली. पुढचं लिहू नका असं मी पाळकीणबाईंना सांगितलंय, पण त्या लिहिताहेतच.

गोटे पायाखाली सरकतात, गुडघे धरत नाहीत. आजोबा गेल्यापासून मी एकटी कधी पायरीखाली उतरले नव्हते. तू निघालास की ओटीवरूनच हात हलवायची, आणि तुला वाटायचं, म्हातारी रुसली. काल सकाळी कुणाला न सांगता निघाले. काँक्रीटवरून, अनवाणी, थेट फाटकापर्यंत. समुद्राकडचा रस्ता तिथून अजून तसाच दिसतो. बसमधल्या अनोळखी पोरींनी हात केला, मीही केला.

आता येशील तेव्हा आजी, आजी करत घरात शिरू नकोस. मी फाटकाशी उभी असेन.

तुझी आजी, सिलीपा