थोरलीची किल्ली मिळाली

ती. स्व. मामा,

तुमच्या धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच घालते आहे, कारण काल दिवसभर एका म्हशीखाली वाकून होते आणि माझी कंबर आता कुठल्याही थोरामोठ्यांपुढे वाकायला तयार नाही.) मी इथे खुशाल आहे. तुम्हीही खुशाल असाल, आणि मामी तर असेलच, कारण ती खुशाल नसती तर तुमचं काही खरं नव्हतं. डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालता ना? आणि थोरली कशी आहे? हे पत्र चुकून तिऱ्हाइताच्या हाती पडलं तर त्याला वाटेल, थोरली म्हणजे माझी बहीण. तेव्हा त्याच्यासाठी सांगून ठेवते की थोरली म्हणजे आमच्या मामांची गाडी. ती माझ्या जन्माआधी घरात आली म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. लाड कुणाचे जास्त झाले, हा वाद अजून मिटलेला नाही.

पत्र लांबणार आहे. डोळ्यांना ताण नको म्हणून ते मामीकडून वाचून घ्या. मामी, कंसातलंसुद्धा वाच. गाळायचं असेल तिथे मी तसं सांगेन.

तर, किल्ली मिळाली. रुमालात गुंडाळलेली, वरून सुतळीच्या इतक्या गाठी की सोडवायला आमची ऑपरेशनची कात्री आणावी लागली. सोबतची चिठ्ठीही मिळाली. 'डॉक्टरांनी स्टीअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. थोरली नुसती धूळ खात पडलीय. तुझ्या शिक्षणाला उपयोगी पडेल. घेऊन जा. पैशाचं नाव काढलंस तर कान उपटीन.' एवढ्या मोठ्या देण्याबरोबर एवढी छोटी चिठ्ठी तुम्हीच लिहू जाणता. त्यावर मी इतके दिवस हूं की चूं केलं नाही, त्यामुळे तुम्ही मनात म्हणाला असाल की पोरगी माजली. मामा, पोरगी माजलेली नाही. पोरगी विचारात पडली होती. गाडी घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यायची तर थोरली घ्यावी की शिष्यवृत्तीतून साठवलेल्या पैशांत दुसरी एखादी जुनी पाहावी, या विचारानं मला अन्न गोड लागेना. (मेसचं अन्न तसंही गोड लागत नाही, पण आता निमित्त मिळालं.)

गाडीची गरज आहे, हे आधी कबूल करते. आमच्या जनावरांच्या दवाखान्याचा एक नियम आहे. ज्यानं टाके घातले, त्यानंच ते काढायचे. जनावर दवाखान्यात येऊ शकत नसेल तर आपण त्याच्या दारी जायचं. नियम शहाणपणाचा आहे, कारण आपलंच काम आपल्याला पुन्हा बघायचंय म्हटल्यावर हात आपोआप नीट चालतो. पण मध्यंतरी कुणीतरी माझे टाके सुबक पडतात अशी आवई उठवली (शिवण शिकवलीस तू, मामी, भोगतेय मी), आणि आता शहराबाहेरच्या यच्चयावत गोठ्यांत माझे टाके विखुरलेले आहेत. तिथे बस जात नाही. जिथवर जाते तिथवर मला नेताना कंडक्टरच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण परतताना माझ्या अंगाला गोठ्याचा असा काही दरवळ असतो की मी चढले की मागची अख्खी रांग पुढे सरकते. बसायला जागा मात्र हमखास मिळते.

त्यात बदकाचं प्रकरण झालं. आमच्या खोलीच्या खाली राहणाऱ्या एका घड्याळजी आजोबांच्या बदकाचा पाय कुत्र्यानं फाडला होता. आजोबांना चालवत नाही, म्हणून बदक खोक्यात घालून दवाखान्यात आणायचं आणि पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बस निम्म्या वाटेवर आली आणि बदकानं खोक्याचं झाकण उचललं. ते बाहेर आलं, लंगडत लंगडत सबंध बसची पाहणी करून आलं आणि सगळी माणसं सोडून एका सूटबूटवाल्या गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसलं. ते गृहस्थ भीतीनं असे ताठले की त्यांचा थांबा आला आणि गेला तरी उठले नाहीत. कंडक्टर आणि मी बदकाला पूर्ण तिकीट की अर्धं यावर भांडत होतो, आणि उरलेली बस दोन तट पडून आम्हाला साथ देत होती. शेवटी त्या गृहस्थांनीच बदक अलगद उचलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "जपा हो त्याला." त्यांच्या पँटचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही, मामी जेवायला बसली असेल तर उगीच.

बाकी मला लोकांनी सांभाळलंय बरं का. दुधाच्या व्हॅनवाले काका पहाटे मला शेवटच्या गोठ्यापर्यंत सोडतात आणि त्याबद्दल फक्त स्वतःच्या गुडघ्यावर औषध विचारतात. (मी सांगितलं, काका, मला चार पायांचं कळतं. ते म्हणाले, मग दोन पायांचं त्यातच आलं.) येताना शाळेची व्हॅन मिळाली तर चालवणाऱ्या बाई मला चिल्ल्यापिल्ल्यांच्या मध्ये कोंबतात. मुलं नाकं दाबून बसतात, पण रोज विचारतात की आज कुणाला बरं केलंस. मी उत्तर देते, आणि खरं सांगू, दिवसातलं ते सगळ्यात अवघड उत्तर असतं. ही माणसं माझी ना नात्याची ना गोत्याची, पण त्यांचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही.

तरीही माणसानं किती दिवस दुसऱ्याच्या चाकांवर फिरायचं? म्हणून किल्ली आली तेव्हा मी खोलीत अक्षरशः नाचले. दुसऱ्या दिवशी निघणारच होते, तेवढ्यात मामीचा फोन आला.

(मामी, इथून पुढचा परिच्छेद मनात वाच आणि मामांना सांग की हवापाण्याविषयी आहे.)

मामी म्हणाली, धूळ कसली खातेय, रोज सकाळी उठून तिला पुसतात. पुसून झालं की आत जाऊन बसतात. चहा तिथेच. पेपर तिथेच, वाचता येत नाही तरी उघडून धरतात. जेवायला हाक मारली की हॉर्न वाजवून 'आलो' म्हणून सांगतात. इतकी वर्षं सवतीबरोबर संसार केला, म्हणाली, आता ती निघाली तर मलाच भरून येतंय. एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि मी किल्ली पुन्हा रुमालात गुंडाळली.

(मामी, इथून मोठ्यानं.)

तर हवापाणी असं आहे. मग मी ठरवलं, थोरलीला हात लावायचा नाही, दुसरी गाडी बघायची. एक निवृत्त मास्तर आपली जुनी गाडी विकतायत असं कळलं. माझ्या रूममेटला घेऊन गेले. तिला आम्ही आजीबाई म्हणतो, कारण ती माझ्याच वयाची असून उन्हाळ्यात स्वेटर घालते आणि सल्ले देते. आता मामा, गाडी कशी पारखायची हे आम्हा दोघींना कुणी शिकवलेलं नाही. आम्हाला शिकवलंय ते जनावर पारखायला. त्यामुळे आम्ही तेच केलं. पहिला धडा, जनावराला लगेच हात लावायचा नाही, आधी लांबून निरखायचं. आम्ही फूटपाथवर हाताची घडी घालून गाडीकडे टक लावून उभ्या राहिलो. मास्तर खिडकीतून बघत होते. थोड्या वेळानं ते काळजीनं बाहेर आले. मग आजीबाईनं तिला चहूबाजूंनी फिरून बघितलं. मागून जाताना माझा हात सवयीनं तिच्या पाठीवर गेला, कारण मागून जाताना हात ठेवावा, म्हणजे जनावर बिचकत नाही आणि लाथ बसत नाही. मास्तर हे सगळं बघत होते. मी बॉनेट उघडून स्टेथोस्कोप लावला, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "काही गंभीर आहे का?"

मी विचारलं, खाते किती? ते म्हणाले, फार नाही हो, पण चढाला जरा जास्त लागतं. थंडीत उठते का? पहिल्या हाकेला नाही, पण दुसऱ्या हाकेला उठते. आधी कधी मोठं दुखणं? एकदा ब्रेकचं झालं होतं, मी आठवडाभर तिच्याजवळून हललो नाही. मी एक फेरी मारायला घेतली. कोपऱ्यावर वळताना आरशात पाहिलं तर मास्तर गाडीच्या मागोमाग चालत येत होते. चोरी होईल म्हणून नव्हे. पावलंच त्यांची येत होती.

परत येऊन आम्ही दोघींनी निदान जाहीर केलं. मागच्या उजव्या पायात किंचित लंगडेपणा, बाकी प्रकृती ठणठणीत, अजून बरीच वर्षं काढेल. मास्तरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी आम्हाला बसवून सरबत दिलं, गाडीच्या काचेवरचा माझ्या हाताचा ठसा स्वतःच्या रुमालानं पुसला आणि म्हणाले की एवढी ठणठणीत असेल तर मी ती विकू कशाला? आम्ही तपासणीची फी घेतली नाही.

बसची वाट बघत उभी होते तेव्हा मला लहानपणीचं आठवलं. घाटात मला हटकून मळमळायचं. मागे सगळी मावसभावंडं चिडवायला टपलेली असायची. तुम्ही आरशातून माझा चेहरा बघायचात आणि गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना सांगायचात, "उतरा रे सगळे, थोरलीला मळमळतंय." मग सगळ्यांनी थोरलीला वारा घालायचा, आणि मी तिच्यामागे जाऊन निवांत ओकायचं. मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की गाड्यांना मळमळतं. मामा, मी जनावरांची डॉक्टर का होतेय असं मला मुलाखतीत विचारलं होतं, तेव्हा मी काहीतरी पाठ केलेलं बोलले. खरं उत्तर हे होतं. जे बोलू शकत नाही त्याला काय होतंय हे चेहऱ्यावरून ओळखायचं आणि त्याची लाज राखायची, हे मी तुमच्या मागच्या सीटवर शिकले. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. मामी, हे वाक्य दोनदा वाच.

म्हणून निर्णय असा की मी गाडी घेत नाही. थोरली तुमच्या दारात शोभते, तिथेच राहू दे. बसला माझी सवय झाली आहे आणि मला बसची. तुमची किल्ली साभार परत पाठवत आहे. राग मानू नका, डोळ्यांना जपा, मामीचं ऐका. थोरलीच्या बॉनेटवरून माझ्या वतीनं एकदा हात फिरवा.

तुमची,
धाकटी

ता. क. पाकिटात किल्ली शोधू नका. ठेवलेली नाही. ठेवायला गेले तेव्हा आजीबाईनं हात धरला आणि म्हणाली, त्या बकरीचं काय झालं ते विसरलीस का?

ता. क. २. बकरीचं असं झालं. एका बाईंनी एका म्हाताऱ्या आजीकडून बकरी विकत घेतली. बकरीनं नव्या घरी चारा सोडला. आम्ही ताप पाहिला, रक्त तपासलं, लेंड्या तपासल्या. सगळं छान, आणि बकरी वाळत चाललेली. मग एक दिवस ती आजी सहज चौकशीला आली आणि शेजारी टेकली. बकरीनं पाला खाल्ला, वर आजीच्या पिशवीचा बंदही खाल्ला. आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, जुनं जनावर नेताना एकटं नेऊ नये, त्याचं माणूसही चार दिवस बरोबर न्यावं. बाईंनी आजीला चार दिवसांसाठी नेलं. ती अजून तिथेच आहे. दोघीही बाळसं धरून आहेत.

ता. क. ३. तेव्हा मी रविवारी सकाळच्या बसनं येते आहे. थोरलीला मी चालवीन, तुम्ही शेजारी बसून ओरडायचं. इथे खाली घड्याळजी आजोबांची एक खोली रिकामी आहे, दारात गाडी उभी करायला जागा आहे, आत बसून चहा प्यायला त्यांची हरकत नाही. मंगळवारी बदकाचे टाके काढायचेत. गाडी चालवताना मला बदक धरता येत नाही, आणि ते धरायला डोळे लागत नाहीत, मांडी लागते. खरं म्हणजे हे सगळं पत्र एवढंच विचारायला लिहिलं. याल ना?

ता. क. ४. जुनं जनावर एकटं नेऊ नये म्हटलं खरं, पण यात जनावर कोण आणि माणूस कोण, ते मी लिहीत नाही. पत्र वाचणारीला विचारा, आमचा फोन झालाय. तिनं दोन बॅगा कालच भरून पलंगाखाली ठेवल्यात.